दारावर विकत घेतलेली वीज

अट्रॅक्टा पॉवरने उभ्या आयुष्यात दारात आलेल्या माणसाला परत पाठवलं नव्हतं. वॉटरफर्डच्या चढावरच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दारोदार फिरणाऱ्यांनाही ते कुठून तरी कळलेलं असायचं. धर्माची पत्रकं वाटणाऱ्या दोघी बायका तिच्याकडे येऊन बसत, चहा पीत, आणि तिच्या कॅथलिक जिवाचा उद्धार करायचा तेवढा राहून जायचा. कारण तोवर बोलणं तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवरून त्यांच्या गुडघ्यांवर गेलेलं असायचं. एकदा एका व्हॅक्यूम क्लीनरवाल्याने तिचे दोन खोल्यांतले गालिचे झकास साफ करून दाखवले. तिने क्लीनर घेतला नाही, पण त्याला जेवू घातलं आणि जाताना त्याच्या बायकोसाठी सफरचंदाचा टार्ट बांधून दिला. "बिचाऱ्याने एवढं काम केलं, रिकाम्या हाताने कसा पाठवू?" असं तिचं म्हणणं.

सगळी उमर तिने बेकरीच्या काउंटरमागे काढली. सकाळी ब्ला घ्यायला रांग लागायची. ब्ला म्हणजे वरून पीठ भुरभुरलेला मऊ पाव. तो पोटात गेल्याशिवाय या गावाचा दिवस सुरू होत नाही. कोणाला चांगला भाजलेला हवा, कोणाला पांढरट, कोणाची आई आजारी आहे, कोणाचा मुलगा घर सोडून गेलाय, सगळं तिच्या डोक्यात. लग्न केलं नाही. विचारायला आलेले दोघे होते म्हणतात. त्यांनाही तिने चहा पाजला असणार.

घरात ती आणि तिचा थोरला भाऊ मॅलकी. मॅलकी बरीच वर्षं इंग्लंडात मोटारींच्या कारखान्यात होता, मग परत आला तो इथेच राहिला. सहा फुटांच्या वर उंची, खांदे दाराला घासतील असे. गल्लीत कोणी गेलं की शवपेटीला खांदा द्यायला पहिली हाक मॅलकीला. पुढचा उजवा कोपरा त्याचा, हे ठरलेलं. माझ्या नवऱ्याच्या वेळीही तो तिथेच होता. त्या दिवशी पाऊस मी म्हणत होता, आणि चर्चपासून दफनभूमीपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही.

पुढे त्याची फुप्फुसं गेली. सिगारेटने गेली, तो स्वतःच म्हणायचा. हॉस्पिटलने घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. बेडसाइडच्या कपाटाएवढं, विजेवर चालणारं, दिवसरात्र घुर्रघुर्र करणारं. त्याच्यातून निघालेली लांबच लांब नळी मॅलकीच्या नाकाला. नळी पुरेल तेवढं त्याचं जग, म्हणजे मागची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. यंत्र घरात आलं त्या दिवशी त्याने बहिणीला बजावलं की हे बाहेर कोणाला कळता कामा नये. ज्याने अख्ख्या गल्लीला खांदा दिला, त्याला नळी लावून बसलेलं कोणी बघू नये, एवढंच त्याचं मागणं.

तेव्हापासून मॅलकीला कायमची सर्दी होती. कोणी आलं की मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि अट्रॅक्टा म्हणायची, "जरा पडलाय गं तो, सर्दी जात नाही." गल्लीला सगळं ठाऊक होतं. हॉस्पिटलची गाडी सिलिंडर उतरवून जाते ते काय आम्हाला दिसत नव्हतं? पण विचारायचं नाही, हे आम्हीही ठरवून टाकलं होतं. ख्रिसमसला त्यांच्या शेजारच्या ब्रीडा हेफरननने त्याला सर्दीसाठी लोकरीचा मफलर विणून दिला, तेव्हा तिने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

फेब्रुवारीत लाल जाकिटवाले आले. पाच-सहा जण, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. एका व्हॅनमधून उतरायचे आणि गल्ल्या वाटून घ्यायचे. वीज विकत होते, प्रीपेड. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि त्यांची जाकिटं वेगवेगळ्या रंगांची असली तरी वाक्यं एकच असतात.

आमच्या बाजूला आला तो डॅरा फ्यूअर. विशीतला, लालसर केसांचा, बुटांत पाणी शिरलेलं. माझ्या दारात तो आला तेव्हा मी रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून वाचले. ब्रीडाने खिडकीतूनच हात हलवला. अट्रॅक्टाने त्याला आत घेऊन विजेच्या शेगडीसमोर बसवलं, बूट काढायला लावले आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाळत ठेवले.

पुढचं सगळं मला तिनेच नंतर सांगितलं.

तो म्हणाला, "मिसेस पॉवर, नावातच पॉवर आहे, मग तुम्ही बिलाला का घाबरायचं?" ती मिसेस नव्हती आणि हा विनोद ती शाळेपासून ऐकत आली होती. पण ती हसली, कारण पोराला हुडहुडी भरली होती आणि कोणीतरी हसायला हवं होतं. मग त्याने समजावलं. बिल येणारच नाही. मोबाइलचं असतं तसं, दुकानात जायचं, रिचार्ज करायचा, मिळालेला आकडा घरातल्या डब्यावर दाबायचा. जेवढं भराल तेवढं वापराल. अट्रॅक्टाला बिलाची खरोखरच धास्ती होती. हिवाळ्याचा लिफाफा आला की ती तो घड्याळामागे ठेवून द्यायची आणि दोन दिवस त्या बाजूला बघायची नाही. यंत्र आल्यापासून तर लिफाफे जास्तच भारी झाले होते. त्यामुळे बिलच नाही म्हटल्यावर तिला वाटलं, देवानेच धाडलाय याला.

डॅराने टॅबवर बोट फिरवत प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव, पत्ता, जुनी कंपनी. मग त्याच सुरात, वर न बघता, तो म्हणाला, "घरात कोणी विजेच्या यंत्रावर आहे का? श्वासाचं, किडनीचं, असलं काही?"

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्या पलीकडे मॅलकी जागा आहे आणि त्याचे कान इकडे आहेत, हे तिला पक्कं माहीत होतं.

"छे रे," अट्रॅक्टा म्हणाली. "आम्ही दोघंही ठणठणीत."

मग तिने टॅबवर बोटाने सही केली. ती म्हणाली, सही माझी वाटतच नव्हती, कोंबडी चालून गेल्यासारखी दिसत होती. डॅराने वाळलेले बूट घातले, दोन ब्ला लोणी लावून खाल्ले आणि मनापासून आभार मानून गेला.

आठवड्याभरात माणूस येऊन जिन्याखाली छोटा डबा बसवून गेला. डब्यावर हिरवा आकडा. पहिले काही दिवस बरे गेले. अट्रॅक्टा कोपऱ्यावरच्या टोबिनच्या दुकानात जाऊन रिचार्ज करायची, येऊन आकडा दाबायची, आणि आपण काहीतरी नव्या जमान्याचं शिकलो म्हणून खूश व्हायची. मग एका दुपारी डबा टीं टीं करायला लागला. तिने ब्रीडाला कुंपणावरून सहज विचारलं, हे का वाजतं गं? ब्रीडाच्या सुनेकडे पूर्वी तसला डबा होता. ब्रीडा म्हणाली, "संपत आलं की वाजतो. मग तू काही भरलं नाहीस की वीज जाते."

"कोण घालवतं?"

"कोणी नाही. आपोआप जाते."

अट्रॅक्टाला खरी गोम कळली ती तेव्हा. आधीच्या कंपनीत बिल थकलं तर पत्र यायचं, मग आणखी एक पत्र, मग फोन, मध्ये कोणीतरी माणूस असायचा ज्याच्याशी बोलता यायचं. इथे बोलायलाच कोणी नाही. आकडा संपला की अंधार, आणि अंधाराबरोबर ते मागच्या खोलीतलं घुर्रघुर्रही बंद.

कंपनीला फोन करून सांगायचं तर कोणत्या तोंडाने? त्यांनी विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. सही होती. तिच्या मनाने घेतलं की आपण खोटं लिहून दिलंय, हा गुन्हा आहे, आणि फोन केला तर चौकशी होईल. मॅलकीला सांगावं तर तो म्हणणार, माझ्यामुळे झालं. तिने तोंड शिवलं.

त्यानंतर ती त्या हिरव्या आकड्याची चाकर झाली. सकाळी उठली की क्रॉसची खूण करण्याआधी जिन्याखाली वाकायची. किटली दिवसातून एकदाच उकळायची आणि पाणी थर्मासमध्ये भरायची. कपडे हाताने धुवायला लागली. पुढच्या खोलीतली शेगडी बंद, दिवा बंद, आणि ही कोट घालून अंधारात बसलेली, म्हणजे यंत्राला कमी पडायला नको. भावाला म्हणायची, मला उकडतंय. फेब्रुवारीत, वॉटरफर्डमध्ये.

आणि दार बंद झालं. पाहुणा आला की चहा करावा लागतो, शेगडी लावावी लागते, दिवा लावावा लागतो. ते नको म्हणून तिने आतून कडी घालायला सुरुवात केली. मी एका रविवारी सूप घेऊन गेले, घंटी वाजवली. पडदा जरासा हलला, पण दार उघडलं नाही. पत्रकं वाटणाऱ्या त्या दोघी बायका तर घाबरून माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, त्या वारल्या का? ब्रीडा म्हणाली, "काहीतरी बिनसलंय. अट्रॅक्टाने दार उघडलं नाही म्हणजे पोपने कम्युनियनचा प्रसाद नाकारल्यासारखं आहे."

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी ती टोबिनकडे गेली तेव्हा त्याचं मशीन बंद पडलेलं होतं. आदल्या संध्याकाळी डबा वाजला होता, पण सकाळपर्यंत निभेल असा तिचा अंदाज होता. टोबिन म्हणाला, खाली पेट्रोल पंपावर होईल. पंप चढाच्या पायथ्याशी. तिच्या गुडघ्यांचं तुम्हाला आधीच सांगितलंय. उतरताना ती भिंत धरून उतरली, पंपावर रांगेत उभी राहिली, आकडा घेतला, आणि चढ चढताना मध्ये मध्ये लोकांच्या फाटकांना धरून उभी राहत वर आली. दोघांनी विचारलं, सोडू का गाडीने? ती नको म्हणाली. गाडीत बसवलं तर बोलावं लागलं असतं.

घरात शिरली आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. ते घुर्रघुर्र तिच्या कानांना इतकं सरावलं होतं की ते नसणं हाच मोठा आवाज वाटला.

मॅलकी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. अडीअडचणीसाठी हॉस्पिटलने दिलेला सिलिंडर त्याने कपाटामागून स्वतः ओढत आणला होता, नळी त्याला जोडली होती. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, पण श्वास चालू होता. तिला बघून तो म्हणाला, "किटली लावू नकोस. वीज गेलीय."

तिने जिन्याखाली बसून आकडा दाबला. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा डबा वाजला, फ्रिज थरथरला, आणि मागच्या खोलीतलं यंत्र एक शीळ घालून सुरू झालं. ती तिथेच पायरीवर बसली आणि मग तिला रडू आवरेना. रडता रडता सगळं सांगून टाकलं: डबा, रिचार्ज, अंधारातलं बसणं, आणि तो प्रश्न.

मॅलकीने नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाला, "मी ऐकलं होतं."

"काय?"

"तू ठणठणीत म्हणालीस ते. मला बरं वाटलं होतं गं. दिवसभर बरं वाटत होतं."

त्याला लगेच फोन करायचा होता. तिने फोन उचलून एप्रनच्या खिशात लपवला. पोलीस येतील, दंड होईल, वर्तमानपत्रात नाव छापून येईल, असं काय काय तिने मनात रचून ठेवलं होतं. दोन दिवस ते भांडत होते. म्हणजे तो वाक्यावाक्याला दम घेत भांडायचा आणि ती तो दम घेत असताना विषय बदलायची.

तिसऱ्या दिवशी ब्रीडा कुंपणावरून ओरडली, "अट्रॅक्टा, कडी घाल गं, लाल जाकिटवाले परत आलेत."

मॅलकी उठला. मफलर घातला, छोटा सिलिंडर चाकांच्या गाडीवर चढवला, नळी त्याला लावली आणि पुढच्या खोलीत आला. कित्येक महिन्यांत तो त्या खोलीत आला नव्हता.

"दार उघड," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

हे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी रात्रपाळी संपवून येत होते. ब्रीडा कुंपणाशी, समोर दुधाची गाडी उभी, डॅरा माझ्या घरापासून दोन घरं पुढे कोणाला तरी बिल येणारच नाही असं सांगतोय. पॉवरांचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीत मॅलकी उभा राहिला. अजूनही तो चौकट भरून टाकत होता, फक्त खांदे पुढे झुकलेले. नाकाला नळी, हाताशी सिलिंडर, दिवसाच्या उजेडात. दूधवाला क्रेट हातात धरून तसाच उभा राहिला.

"ए पोरा," मॅलकीने हाक मारली. "इकडे ये जरा."

डॅरा हसतच आला. चहाचं घर ओळखलं होतं त्याने. फाटकात आला, आणि नळी दिसल्यावर त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

मॅलकी म्हणाला, "तू माझ्या बहिणीला एक प्रश्न विचारला होतास. यंत्रावर कोणी आहे का म्हणून. आता मला विचार."

डॅराने टॅब पाठीमागे धरला.

"विचार."

त्याने विचारलं, अगदी हळू आवाजात.

"आहे," मॅलकी म्हणाला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. त्यासाठी त्याला आधी दम साठवावा लागला. "मी आहे. परवा सकाळी वीज गेली आणि मी जवळजवळ नव्हतो."

त्याच्यामागून अट्रॅक्टा पुढे आली. एप्रनला हात पुसत, डोळे खाली. ती डॅराला म्हणाली, तुझी चूक नाही रे बाळा, तू नीट विचारलं होतंस, खोटं मी बोलले. मला वाटतं ती पोलिसांच्या तयारीने बोलत होती. डॅरा पांढराफटक पडला होता. तो फाटकापाशीच्या कमी उंचीच्या भिंतीवर बसला.

"मी नीट नव्हतं विचारलं," तो म्हणाला. "खरं सांगू? तुम्ही उत्तर द्यायच्या आधीच मी 'नाही' दाबलं होतं. आम्ही सगळे तसंच करतो. हो आलं की सौदा रद्द होतो."

मग मॅलकी म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी आपण तिघंही खोटारडे होतो. आत ये. इथे उभं राहून माझा ऑक्सिजन फुकट जातोय."

डॅराने आधी त्याच्या व्हॅनवाल्या मुख्य माणसाला फोन केला. पलीकडून काय बोललं गेलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण पोराचे कान लाल झालेले दिसले. काही कबूल करू नकोस, उठ आणि पुढच्या घरी जा, असं सांगितलं म्हणे. त्याने फोन बंद केला, लाल जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि कंपनीच्या ग्राहक विभागाचा नंबर लावून फोन टेबलावर मध्यभागी ठेवला. तोवर ब्रीडा आली होती, मीही आले होते. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. फोनमधून एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत राहिला. ब्रीडाने घरी जाऊन बेकन तळून आणलं आणि ब्लामध्ये भरून सगळ्यांपुढे ठेवलं. अट्रॅक्टाने किटली लावली. लावताना एकदा जिन्याकडे बघितलं, मग नाही बघितलं.

शेवटी एक बाई फोनवर आली. उत्तरेकडच्या उच्चारांची, शांत. अट्रॅक्टा उभी राहूनच बोलली, शाळेत बाईंसमोर उभं राहावं तशी. तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाली की मी तुमच्या कंपनीला खोटी माहिती दिली आहे आणि त्याची जी काही शिक्षा असेल ती मला एकटीला व्हावी, भाऊ आजारी आहे.

मग त्या बाईने विचारलं, यंत्र आत्ता चालू आहे ना? भाऊ बरे आहेत ना? सिलिंडर किती भरलेला आहे? हे विचारून झाल्यावर म्हणाली की घरात असं यंत्र असेल तर त्या घराला प्रीपेडवर ठेवायचंच नसतं. मी आत्ताच नोंद करतेय, आता या घरची वीज आकडा संपला म्हणून जाणार नाही. माणूस येऊन डबा काढून नेईल, आणि तुम्ही आधीच्या कंपनीकडे परत जाऊ शकाल.

"आणि पोलीस?" अट्रॅक्टाने विचारलं.

"कसले पोलीस, बाई?"

अट्रॅक्टाचा जीव भांड्यात पडला तो मी समोर बसून पाहिला. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, ती खुर्चीवर टेकली, आणि पहिलं काय केलं असेल तर डॅराच्या बशीत आणखी एक ब्ला ठेवला. मॅलकी हसायला लागला. हसताना त्याला खोकला आला, खोकल्याने जीव घाबरा झाला, आणि तरी तो हसत होता. "बघ," तो दम खात म्हणाला, "ही तुरुंगात गेली असती ना, तर जेलरला चहा पाजला असता."

ब्रीडा म्हणाली, "मॅलकी, तुझी सर्दी बरी दिसतेय आज."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला माहीत होतं?"

"नुसत्या सर्दीसाठी मी मफलर कशाला विणला असता रे?"

दुपारी व्हॅन डॅराला न घेताच निघून गेली. त्याचं काम त्याच दिवशी सुटलं. तो रात्रीचं जेवण पॉवरांकडेच जेवला आणि शेवटच्या बसने गेला. जाताना लाल जाकीट तिथेच विसरला, की ठेवून गेला, कोण जाणे. पुढे तो कॅनडाला गेला असं ब्रीडा म्हणते. मला नक्की ठाऊक नाही.

कंपनीने सांगितल्याप्रमाणे माणूस आला आणि डबा काढून घेऊन गेला. त्यालाही चहा मिळाला. आधीच्या कंपनीने मॅलकीचं नाव वेगळ्या यादीत घातलं, दुरुस्तीच्या कामासाठी वीज बंद करायची असली तरी कंपनीला आधी या घरी फोन करावा लागतो. बिलाचे लिफाफे पुन्हा यायला लागले, आणि अट्रॅक्टा ते पुन्हा घड्याळामागे ठेवायला लागली. पण आता दोन दिवसांनी मॅलकी म्हणतो, काढ तो राक्षस बाहेर, आणि दोघं मिळून उघडतात. दारोदार फिरणारे आजही येतात. अट्रॅक्टा दार उघडते, आत बसवते, आणि बसवतानाच सांगून टाकते, "चहा देईन, सही देणार नाही." बहुतेक जण चहा घेतात.

मॅलकी आता सकाळी ऊन असलं की दारात खुर्ची टाकून बसतो. शाळेला जाणारी मुलं पहिले दोन दिवस नळीकडे टक लावून बघत होती. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, यातून काय येतं? मॅलकी म्हणाला, "हवा." मूल म्हणालं, "बाहेर पण हवा आहे." "माझी वेगळी आहे," मॅलकी म्हणाला, आणि ते त्या मुलाला पूर्णपणे पटलं.

मे महिन्यात एका शनिवारी मी दोघांना गाडीत घालून ट्रामोरला समुद्रावर नेलं. मागच्या सीटवर दोन सिलिंडर, त्यांच्यामध्ये अट्रॅक्टा, पुढे मॅलकी गुडघे डॅशबोर्डला टेकवून. आम्ही किनाऱ्याच्या बांधावरच्या बाकावर बसून चिप्स खाल्ले. वारा इतका होता की व्हिनेगर कागदावर पडायच्या आधी उडत होतं. मॅलकी फार बोलला नाही. ओहोटी लागलेली, वाळूवर कोणीतरी घोडा पळवत होतं, तो घोडा दिसेनासा होईपर्यंत तो बघत राहिला. अट्रॅक्टाने बूट काढले आणि पाण्याच्या कडेपर्यंत एकटीच चालत गेली. परत आली ती घोट्यापर्यंत ओली, आणि गार पाण्याने गुडघ्यांना बरं वाटलं म्हणाली.

परतीच्या वाटेवर आधी तो झोपला, मग ती. गल्लीत येऊन मी गाडी त्यांच्या दारासमोर उभी केली आणि मागे वळून पाहिलं. अट्रॅक्टाचं डोकं सिलिंडरला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. सिलिंडरचा काटा अजून बराच वर होता. मी इंजिन बंद केलं, खिडकी बोटभर खाली केली आणि त्यांना उठवायची काही घाई नाही म्हणून तशीच बसून राहिले.